दोरा तुटणारच!



पोळा आला की आमच्या वर्गात अभ्यासाकडे कुणाचंच लक्ष नसतं. विदर्भाबाहेरच्या दोस्तांसाठी सांगते, आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘तान्हा पोळा’ असतो. तो खास तुमच्यासारख्या मुलांचा. लाकडाचे बैल, त्यांना चाकं, गळ्यात माळा, शिंगांना गोंडे, आणि ते बैल ओढत घरोघरी जायचं. बैल बहुधा बाजारातूनच येतो. आजोबांच्या वेळचा असेल तर मग काय, ऐटच वेगळी! पण त्याच्या गळ्यातली माळ? ती तरी आपल्या हातची असावी की नाही?

म्हणून यंदा मी वर्गात मणी आणि दोरे घेऊन गेले. या आठवड्यात तुम्हालाही तेच शिकवणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? मणी ओवले, शेवटी गाठ मारली, झाली माळ! मलाही पाचवीत असताना अगदी असंच वाटत होतं. आणि त्यापायी मी काय करून बसले, ते आधी ऐका.

आईच्या गळ्यात काळी पोत असायची. काळे मणी आणि मध्ये मध्ये सोन्याचे बारीक मणी, मोजून अकरा. पोतीचा दोरा जुना झाला होता, एका ठिकाणी त्याचे धागे सुटून आले होते. आई म्हणायची, “इतवारीत जाऊन गाठवून आणायला पाहिजे.” पण इतवारीत जायला तिला सवड मिळेना. मी ठरवलं, आईला चकित करायचं! ती दुपारी झोपली होती, पोत काढून फडताळात ठेवलेली. मी जुना दोरा कापला आणि सगळे मणी ताटलीत काढले. शेजारच्या दादाकडे मासे धरायच्या गळाचा तंगूस होता. तो मागून आणला. मनात म्हटलं, याला तर मासासुद्धा तोडू शकत नाही, पोत काय तुटणार! सगळे मणी ओवले, शेवटी दोन गाठी मारल्या, वरची टोकं कापून टाकली. पोत चकचकीत दिसत होती. आई उठल्यावर तिच्या गळ्यात मीच घातली. आई खूश, मी तर काय, हवेतच!

पुढे त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही रामटेकच्या जत्रेला गेलो. गडावरच्या पायऱ्यांवर ही गर्दी! मी दमले आणि लाडाने आईच्या गळ्याला लोंबकळले. पोत तुटली नाही हं. तंगूस अगदी शाबूत होता. माझी गाठच सुटली! आणि मग मणी टपटपटप करत पायऱ्यांवरून खाली. कितीतरी काळे मणी, त्यात सोन्याचे अकरा. लोकांच्या पायाखाली, फटींत, पालापाचोळ्यात. एका माकडाने तर एक काळा मणी उचलून तोंडात घातला, चावून पाहिला आणि थुंकला. लोक हसले. आई हसली नाही. ती पायरीवर गुडघे टेकून मणी वेचत होती. आम्ही अंधार पडेपर्यंत वेचले. सोन्याचे आठ सापडले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “तुटली कशी?” आई म्हणाली, “जुनी झाली होती.” माझं नाव तिने घेतलं नाही. मी पांघरुणात तोंड खुपसून पडले होते.

त्यानंतरच्या रविवारी आई मला घेऊन इतवारीत गेली. नागपूरच्या जुन्या बाजारात एकेका धंद्याची एकेक ओळ आहे, किराणा ओळ, सराफा ओळ अशी. सराफा ओळीत मोठी झगमगती दुकानं. पण आम्ही त्यांतल्या एकातही शिरलो नाही. एका दुकानाच्या ओट्यावर, जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत, एक म्हातारे काका मांडी घालून बसले होते. समोर रंगीत रेशमाच्या लडी, जर, मेणाचा गोळा, कात्री. हे पटवेकरी. हिंदी बोलणारे यांना पटवा म्हणतात. पट म्हणजे रेशीम, हे तुम्हाला ‘पितांबर-पाटाव’ वगैरे शब्दांवरून ठाऊक असेलच. दागिना घडवतो सोनार. पण तो गळ्यात घालण्याजोगा करतो पटवेकरी. तो मणी ओवतो, गाठवतो, गोंडा बांधतो. सोनाराचं नाव आपण कौतुकाने सांगतो, “अमक्याकडून केला दागिना”. पटवेकऱ्याचं नाव कुणी सांगितलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

आईने रुमालाची पुरचुंडी सोडली. काकांनी मण्यांबरोबरचा तंगूस उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “ही गाठ कोनं मारली, ताई?”

आई काही बोलायच्या आत मीच म्हटलं, “मी.”

मला वाटलं, आता रागावणार. पण ते म्हणाले, “ये, इथं बस. पाय.”

त्यांनी रेशमाचा पीळदार दोरा घेतला, एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि ताणून धरलं. मग मेणाच्या गोळ्यावरून दोरा दोन-तीनदा ओढला. मेणामुळे दोऱ्याचे तंतू एकमेकांना धरून राहतात, पिंजत नाहीत, आणि घाम-पाणीही लवकर आत शिरत नाही. टोक डिंकात भिजवून वाळवलेलं होतं, तीच त्यांची सुई. एक मणी ओवला. गाठ. दुसरा मणी. गाठ. प्रत्येक गाठ मण्याला अगदी चिकटून. त्यांची बोटं इतकी भरभर चालत होती की गाठ कधी पडली तेच दिसेना.

मी विचारलं, “काका, प्रत्येक मण्याला गाठ कायले? त्यानं दोरा जास्त मजबूत होतो का?”

काका म्हणाले, “उलट. गाठीपाशी दोरा कमजोर होते.”

मी बुचकळ्यात पडले. मग काका म्हणाले ते वाक्य मला आजही त्यांच्याच आवाजात आठवतं. “दोरा तं तुटनारच बेटा. आज नाही तं पाच वर्सांनी. तुटल्यावर किती मनी खाली पडतील, तेवढंच आपल्या हातात हाये.”

दोस्तांनो, ही गंमत पुढे शिक्षिका झाल्यावर मी नीट समजून घेतली. गाठ मारली की दोरा अचानक वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतल्या बाजूचे सैल राहतात. म्हणजे सगळा भार थोड्याच तंतूंवर येतो. म्हणून दोरी ओढत गेलात तर ती बहुतेक वेळा गाठीच्या जवळच तुटते. खोटं वाटतं? शिवणाचा दोरा घ्या, मधोमध एक साधी गाठ मारा आणि दोन्ही हातांनी ओढा. (बोटाला रुमाल गुंडाळा, दोरा कापतो!) कुठे तुटला ते पाहा. पाच वेळा करा आणि वहीत लिहा.

म्हणजे गाठ दोऱ्याचं थोडं नुकसानच करते. पण मण्यांची राखण करते. बिनगाठीच्या माळेचा दोरा एका ठिकाणी तुटला की सगळे मणी घरंगळतात. गाठवलेल्या माळेत फार तर एक मणी निसटेल. बाकीचे आपापल्या गाठींमागे अडून बसतात. शिवाय आणखी एक उपयोग. मोती आणि पोवळं या वस्तू तशा नाजूक. दोन्ही पाण्यातल्या प्राण्यांनी बनवलेल्या आणि मुख्यतः खडूच्याच जातीच्या पदार्थाच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या. शेजारी शेजारी घासले तर झिजतात. मधली गाठ त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. आजीच्या मोत्यांच्या माळेत दोन मोत्यांमध्ये बारीकसा ठिपका दिसतो, तो पाहिलाय का? तीच ती गाठ. (माळ हातात घेताना आजीला विचारा. न विचारता दागिन्याला हात लावला की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.)

आणि तंगूस का नको? तो मजबूत असतो हे खरं. पण तो गुळगुळीत आणि ताठ. गाठ टिकते ती घर्षणावर. दोरा दोऱ्याला घट्ट घासून, दाबून बसतो म्हणून गाठ सुटत नाही. तंगूस वाकायलाच तयार नसतो, पुन्हा सरळ व्हायला बघतो. मासे धरणारे लोक तंगुसाला म्हणूनच खूप वेढ्यांच्या खास गाठी मारतात. माझी तर साधी गाठ, आणि तीही चुकीची. मी उजवं टोक डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर असं दोनदा केलं होतं. ही गाठ तिरपी बसते आणि ताण आला की सरकते. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर असं केलं तर गाठ चपटी, चौकोनी बसते. स्काउट-गाइडमधली मुलं हिला रीफ नॉट म्हणतात. दोन्ही मारून शेजारी शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल.

रेशमाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. तुतीच्या पानांवर वाढणारी अळी स्वतःभोवती कोश विणते, आणि एका कोशातून जवळजवळ हजार मीटर लांब अखंड तंतू निघू शकतो. असे कितीतरी तंतू एकत्र पिळून हा दोरा होतो. मऊ असल्यामुळे गाठीत छान दबतो आणि तिथेच बसून राहतो. आपल्या विदर्भातही रेशीम होतं बरं का! भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात. ढिवर समाजातल्या अनेक कुटुंबांचं हे पिढीजात काम. टसरचा तंतू जाडसर, भुरकट. त्याची साडी-उपरणी सुरेख होतात. पण मण्याच्या बारीक भोकातून जायला तुतीचं रेशीम बरं.

ढिवरांवरून आठवलं. परवा वर्गात मणी वाटायला घेतले तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे तं पोरींचं काम आहे!” सगळी मुलं खीऽऽ करून हसली. मी म्हटलं, “असं? मी पाहिलेले सगळे पटवेकरी पुरुषच होते.” मुलं गप्प. तेवढ्यात एक मुलगा उठला. एरवी वर्गात तो तोंड उघडत नाही, फळ्यासमोर बोलावलं तर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहतो. त्याचे बाबा तलावावर मासे धरतात. तो म्हणाला, “बाई, आमचे बाबा जाळं विणतात. त्याच्यात लय गाठी असतात.”

“का रे असतात?” मी विचारलं.

“एक घर तुटलं तरी बाकीचं जाळं उसवू नाही म्हणून.”

बघा! माझ्या पटवेकरी काकांचं वाक्य या दहा वर्षांच्या मुलाला आधीच ठाऊक होतं. मी त्याला पुढे बोलावलं. त्याने सुतळी घेतली आणि सगळ्यांसमोर जाळ्याची गाठ मारून दाखवली. एका दोरीचा वाकवलेला फास, त्यातून दुसरी दोरी खालून वर, फासाच्या मागून वळसा, आणि स्वतःच्याच खालून बाहेर. त्या दिवशी वर्गाचा मास्तर तोच होता. मला ती गाठ तिसऱ्या खेपेला जमली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

आता चला, कामाला लागू या.

मणी विकतच आणले पाहिजेत असं नाही. जुन्या मासिकाचा रंगीत कागद घ्या (हे मासिक नको हं!). बुडाशी दोन सेंटिमीटर आणि लांबीला पंचवीस-तीस सेंटिमीटर अशा लांबट त्रिकोणी पट्ट्या कापा. रुंद बाजूकडून खराट्याच्या काडीवर घट्ट गुंडाळत या, शेवटच्या टोकाला डिंक लावा, काडी काढून घ्या. झाला मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळता मणी. कसईचं बी मिळालं तर उत्तमच, त्याला निसर्गानेच आरपार भोक ठेवलेलं असतं. मात्र लाल-काळ्या गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी त्यांना भोक पाडायला जाऊ नका. वरचं कवच टणक असतं, पण आतला गर जहाल विषारी आहे. गुंज फोडायची नाही, दाताने चावायची तर नाहीच नाही. आणि लहान भावंडांच्या हाती कुठलेच मणी पडू देऊ नका. सगळेच काही त्या माकडासारखे थुंकून टाकत नाहीत!

दोरा असा निवडा की मण्याच्या भोकातून जेमतेम जाईल. दोरा फार बारीक झाला तर गाठही बारीक होते आणि मणी तिच्यावरून सरळ पार होतो. मग गाठ असून नसून सारखीच. रेशीम नसेल तर शिवणाचा सुती दोरा चौपदरी करून त्यावरून मेणबत्ती ओढा. ती पेटवायची नाही, नुसती घासायची!

दोऱ्याच्या एका टोकाशी वीतभर जागा सोडून पहिली गाठ मारा. मणी ओवा. आता मण्याच्या पुढे साधी गाठ मारताना करतो तसा फास करा, पण ओढू नका, सैलच ठेवा. त्या सैल फासात गोधडीची जाड सुई घाला. दोरा ताणून धरा आणि सुईने तो फास मण्याकडे सरकवत, सरकवत न्या. मण्याला टेकला की सुई हळूच काढून घ्या आणि नखाने गाठ मण्यावर दाबत दोरा ओढा. पहिल्या चार-पाच गाठी भलतीकडेच बसतील. माझ्याही बसल्या होत्या. मण्यात आणि गाठीत फट राहिली तर माळ लुळी पडते, मणी डुगडुगतात. सुईऐवजी बोटानेच फास सरकवायला गेलात तर तो वाटेतच आवळला जातो, आणि घट्ट गाठ सोडवताना काय होतं ते पतंग उडवणाऱ्यांना सांगायला नको.

दोरा किती घ्यायचा? इथे आमच्या वर्गात सगळे फसले. एका मुलीने गळ्याभोवती दोरा मोजला, वर चार बोटं जास्त घेतला आणि अर्ध्या माळेतच दोरा संपला. प्रत्येक गाठ दोरा खाते. किती खाते हे दोऱ्याच्या जाडीवर असतं, म्हणून मोजूनच पाहायचं. एक मीटर दोरा घ्या, दहा गाठी मारा, पुन्हा मोजा. जेवढा कमी झाला त्याला दहाने भागा. आता तुमच्या माळेत चाळीस मणी आहेत आणि दर दोन मण्यांत एक गाठ, तर गाठी किती? चाळीस म्हणालात? परत मोजा!

मुलं गाठी मारत होती तेव्हा एकीने विचारलं, “बाई, सगळ्यात पहिली माळ कोनं केली असेल?” सगळ्यात पहिली माळ कोणी केली ते कोण सांगणार? पण आपल्या गावाजवळच्या जुन्या मणेरी लोकांची गोष्ट मी सांगितली. नागपूरहून काटोलच्या दिशेने साधारण पंधरा किलोमीटरवर माहुरझरी नावाचं गाव आहे. तिथे मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली प्राचीन दफनं आहेत, सुमारे २,५०० वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी. १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही तिथे खोदकाम केलं. काय काय सापडलं? लोखंडाची हत्यारं, घोड्यांना घालायचे तांब्याचे साज, आणि मणी! अकिकाचे, लालसर कार्नेलियनचे, सूर्यकांताचे, स्फटिकाचे. नुसते तयार मणीच नाहीत, तर अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेले, दगडाच्या ढलप्या, सगळंच. म्हणजे मणी बाहेरून आणलेले नव्हते, तिथेच घडवले जात होते. अकीक काचेपेक्षा कठीण. ना वीज, ना यंत्र. अशा दगडाला आरपार भोक पाडायला किती दिवस लागत असतील? अशा मण्यांत दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडत मध्यावर गाठायची रीत होती. नेम थोडा चुकला तर आत बारीकशी पायरी राहायची. (तिकडे सहलीला गेलात तर पाहा, पण एकही खडा खिशात घालू नका. जमिनीतला मणी जागेवर असतो तेव्हाच तो अभ्यासकांशी बोलतो.)

मुलीचा पुढचा प्रश्न तयारच होता. “मग दोरा कुठं गेला?”

गेला. दोरा मातीत कुजतो. मणी हजारो वर्षं राहतात, त्यांना धरून ठेवणारा दोरा आणि त्यातली गाठ मात्र बहुधा उरत नाही. क्वचित एखादी माळ मात्र फारच नशीबवान निघते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात नेवासे इथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी डॉ. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. डॉ. देवही त्यांच्यात होते. तिथे एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी. आणि त्या मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश टिकून होता! सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस दिसला. तांब्याला ओलाव्याने हिरवट गंज चढतो. त्या गंजापुढे दोरा कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. म्हणून तेवढा दोरा राहिला.

वर्ग एकदम शांत झाला. मग तो जाळ्यावाला मुलगा हळूच म्हणाला, “बाई, त्याच्या आईनं ओवली असंल ना?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

असो. बैलाची माळ राहिलीच की! शेवटची युक्ती तेवढी सांगते. बैलाची मान जाड, शिंगं आडवी. माळ शिंगांवरून आत जायला मोठी हवी आणि गळ्यात बसायला लहान. तुशी, चिंचपेटी अशा गळ्यालगतच्या दागिन्यांना मागे जो दोरा असतो, तो असाच लहान-मोठा करता येतो. सोपा प्रकार असा. माळेची दोन्ही मोकळी टोकं समोरासमोरून आणून एकमेकांवरून पुढे जाऊ द्या. उजवीकडे गेलेलं टोक तिथल्या दोऱ्याभोवती दोन वेढे देऊन गाठवा, डावीकडे गेलेलं डावीकडच्या दोऱ्याभोवती. आता दोन्ही गाठी सरकतात. एकमेकींजवळ आणल्या की माळ मोठी, एकमेकींपासून दूर नेल्या की लहान. घट्ट नको, सैलही नको, सरकताना किंचित अडली पाहिजे. टोकांना मणी अडकवून वर गोंडा बांधा. गोंड्याच्या मानेवर दोरा गुंडाळताना गाठ दिसू द्यायची नसेल तर क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवर दोरा कसा गुंडाळलेला असतो ते नीट पाहा. त्याचं टोक कुठे लपलंय ते शोधा. सापडलं नाही तर मला पत्र लिहा, पुढच्या सदरात सांगेन.

त्या रविवारी काकांनी आईची पोत बांधून दिली तेव्हा त्यांनी आठ सोन्याचे मणी असे अंतराअंतराने बसवले की अकराच आहेत असं वाटावं. बाबांच्याही लक्षात आलं नाही. शेवटच्या चार गाठी मात्र त्यांनी माझ्याकडून मारून घेतल्या. त्यातली एक वाकडी बसली. काका ती सोडायला लागले तर आई म्हणाली, “असू द्या भाऊ, राहू द्या.”

त्यानंतर ती पोत दोन-तीनदा तरी पुन्हा गाठवली. सोन्याचे मणी आजही आठच आहेत. आता ती मीच गाठवते, आणि आई चष्मा लावून एकेक गाठ तपासून घेते.

तुमची बाई